खोलीची शांतता

अस्वलाला भूक लागली आणि त्याच्या पोटातून माझा आवाज आला. माझा म्हणजे गळ्याचा नव्हे. गळ्याचा आवाज तर मी विकतेच; तो लिफ्टमधून येतो, बँकेच्या फोनवर येतो, एकदा दाताच्या डॉक्टरकडे मी आ वासून पडले होते तेव्हा बाहेरच्या रेडिओवरून आला होता, आणि मला त्याचं काही वाटत नाही. हा आवाज माझ्या पोटाचा होता. बहिणीकडे रविवारची जेवणं उरकली होती, भाची टीव्हीसमोर पालथी पडून कार्टून बघत होती, माझा नवरा खुर्चीत तोंडावर पेपर घेऊन पेंगत होता. आधी माळ्यावर कुणी जड पेटी ओढावी तशी घरघर, मग मध्येच थांबणं, थांबून कानोसा घेतल्यासारखं गप्प होणं, आणि मग वर चढत जाणारा एक बारीक सूर, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा. भाची खदखदून हसली. ‘मावशी, बघ ना, कसलं वाजतंय त्याचं पोट!’ म्हणून तिने ते मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा पेटी, पुन्हा गप्प, पुन्हा तो सूर. स्वयंपाकघरातून बहीणही हसली. नवऱ्याने पेपरखालून ‘काय झालं?’ म्हणून विचारलं, आणि काही झालेलं नाही असं कळल्यावर पुन्हा घोरायला लागला. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि कमोडचं झाकण पाडून त्यावर नुसती बसून राहिले. जायचं नव्हतं. आजवर मी लोकांच्या बाथरूममध्ये पोटासाठी गेले होते, पोटापासून लपायला कधी गेले नव्हते.

कुणी म्हणेल, पोटं काय सगळ्यांचीच वाजतात, तुझं तेवढं तुला बरं ओळखू आलं. ज्याचं पोट अधूनमधून वाजतं त्याला नाही येणार ओळखू. माझं पोट मी कित्येक वर्षं हेडफोनमधून ऐकत आले आहे. मी पुस्तकं वाचते, मोठ्याने, ज्यांना ती कानाने वाचायची असतात त्यांच्यासाठी. काचेच्या पलीकडे रेकॉर्डिंग करणारा, अलीकडे एक बंद खोली, भिंतींना फोम, समोर मायक्रोफोन. तो इतक्या तिखट कानाचा असतो की बाही कोपराला घासली तरी त्याला कळतं. या असल्या यंत्रासमोर मी माझं हे पोट घेऊन बसते. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं, आणि सोप्या शब्दांत सांगा म्हटल्यावर म्हणाले होते, ‘आतडं चिडकं आहे.’ चिडकं तर आमचं सगळं घराणंच आहे, मग एकट्या आतड्याने का मागे राहावं. रक्त तपासून झालं, नळ्या घालून झाल्या, फोटो काढून झाले, आणि शेवटी त्या गृहस्थांनी फाईल मिटून माझ्याकडे सरकवत हसून सांगितलं, ‘काहीही नाही. अभिनंदन.’ मी ते अभिनंदन पर्समध्ये घालून घरी यायला निघाले आणि वाटेत दोनदा उतरावं लागलं. काहीही नसलेला हा आजार मी तेव्हापासून सांभाळते आहे. दूध नाही, कांदा नाही, कोबी तर स्वप्नातही नाही. सकाळी कोमट पाणी, मग वाट बघणं. कधी तीन दिवस दार बंद, कधी एका सकाळीत चारदा धाव. पोटाशी गरम पाण्याची पिशवी, पर्समध्ये गोळ्या, गोळ्यांखाली जास्तीचे कपडे. गावात नवा पूल झाला की लोक त्यावरून फिरून येतात. मी आधी पाहते की पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे संडास कुठे आहे. नाटकाला कडेची खुर्ची. लांबच्या प्रवासाला नकार, आणि नकाराला दरवेळी नवी थाप, कारण खरं कारण सांगितलं की समोरचा आधी कसनुसं तोंड करतो आणि मग ओव्याचं पाणी प्यायला सांगतो. नवरा माणूस म्हणून वाईट नाही, पण त्याचं एकच पालुपद: ‘तुझ्या डोक्यात आहे ते.’ डोक्यात असतं तर मी टोपी घातली असती.

कानसेनकडे जायच्या आधी मी तीन स्टुडिओ सोडले होते. सोडले म्हणते, पण एकाने मला काढलंच होतं. तिथला दिग्दर्शक काचेपलीकडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, ‘बाई, घरून जेवून येत चला.’ जेवून गेलं तर वाजायचं, उपाशी गेलं तर जास्त वाजायचं, आणि आता वाजेल या भीतीने तर हमखास वाजायचं. काचेपलीकडे कुणी हसलं तर काचेतून हसू ऐकू येत नाही, नुसते खांदे हलताना दिसतात. ते हलणारे खांदे मी फार पाहिले. कानसेनचे खांदे कधी हलले नाहीत. तो माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, बारीक अंगाचा, रेकॉर्डिस्ट म्हणून सगळ्यांत नावाजलेला. गल्लीतली मोटार आवाजावरून ओळखायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि तो ओ द्यायचा. पहिल्याच दिवशी मी दुसरं पान वाचत असताना पोटाने पेटी ओढली. मी थांबले. कानाच्या पाळ्या तापल्या. तो दार उघडून आत आला, माईकवरून न बोलता मुद्दाम आत आला, आणि हळू म्हणाला, ‘ताई, पाणी प्या. घाई कुठे आहे? हा आवाज कापायचं काम माझं, वाचायचं तुमचं.’ पुढच्या खेपेला बघते तर संडासाच्या दाराच्या बिजागरीची कुरकुर बंद झालेली, आतला पंखा दुरुस्त केलेला, आणि कोपऱ्यात गरम पाण्याच्या पिशवीसाठी किटली. एका शब्दाने काही बोलला नाही. मी वाचता वाचता नुसता हात वर केला की तो मशीन थांबवायचा आणि आपण होऊन पाठ फिरवून काही वायर गुंडाळायला लागायचा, मी जाऊन येईपर्यंत. कुठे गेला होतात, बरं आहे ना, असलं काही नाही. मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते याला न सांगता कळत होतं. लग्नाचा नवरा ज्याला डोक्यातलं म्हणतो ते या परक्या माणसाने निमूट खरं मानलं, याचं मला किती वाटायचं ते आता सांगताना लाज वाटते. जगात एक खोली अशी होती की जिथे मला पोट झाकून बसावं लागत नव्हतं.

शांतता घ्यायची गोष्ट त्यानेच मला शिकवली. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, तो म्हणायचा. रिकामी वाटते, पण तिच्यात भिंती असतात, हवा असते, दूरची वाहतूक असते. वाचताना मध्ये पोट वाजलं की तेवढा तुकडा कापावा लागतो, आणि कापल्या जागी भोक पडतं. तिथे त्याच खोलीची शांतता ठिगळासारखी लावली की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून रोज काम संपलं की तो म्हणायचा, ‘ताई, एक मिनिट शांतता देता?’ मी हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, श्वास बारीक करून बसायची. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागायचा. आता मात्र वाजू नकोस, असं मी पोटाला विनवायची, आणि नको म्हटलेलं ऐकेल ते माझं पोट कसलं. भर शांततेत ते तोंड उघडायचं. मी ओशाळून डोळे उघडायची. काचेपलीकडे तो हेडफोनवर दोन्ही हात दाबून, मान खाली घालून बसलेला. मग त्याचा तो मऊ आवाज कानात यायचा, ‘असू दे ताई. पुन्हा एकदा.’ पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. कधी चार-चार वेळा. मी घरी जाताना मनात म्हणायची, काय चिकाटी आहे या माणसाची, दुसरा कुणी असता तर वैतागला असता.

बहिणीच्या बाथरूममध्ये मी हे सगळं आठवत बसले असं नाही. तिथे मी फक्त त्याची बाजू घेत बसले. एखादा कापलेला तुकडा चुकून कुठेतरी गेला असेल. कुणी मदतनिसाने उचलला असेल. अस्वलाचं काम त्याने केलेलं नसेलच. माणूस विश्वास ठेवायचा म्हणून किती वकिली करतो! पुढचा आठवडाभर मी ही वकिली विनामूल्य केली. स्टुडिओत गेले नाही. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची एक जाडजूड कादंबरी आम्ही करत होतो, तिचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. घसा बसलाय असं कळवलं. ‘आल्याचा काढा घ्या ताई, काही घाई नाही,’ असा त्याचा निरोप आला, आणि तो निरोप वाचून मला रडूच आलं. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला म्हटलं, ‘समज, कुणी तुझ्या नकळत तुझा आवाज घेतला आणि विकला, तर?’

‘कुणी विकला?’ तो म्हणाला. ‘तुझा आवाज तर विकायलाच असतो.’

‘गळ्याचा नाही रे. दुसरा.’

‘दुसरा कुठला आवाज आहे तुला?’

त्याने चमचा खाली ठेवला, खरंच काळजीने विचारलं, ‘पोट बिघडलंय का पुन्हा?’ आणि उत्तराआधीच म्हणाला, ‘विचार कमी कर.’ पोट त्या आठवड्यात बिघडलं नव्हतं, उलट तुंबलं होतं. दगड बसल्यासारखं गप्प होतं. ते काही सांगायला तयार नव्हतं, आणि मीही. आपल्याच शरीराशी अबोला धरून राहणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. कपडे बदलताना मी आरशात पोटाकडे बघितलं. मऊ, थोडं पुढे आलेलं, बेंबीपाशी कातडी सैल पडलेली. तू तरी माझं आहेस की नाहीस, असं मी त्याला मनात विचारलं, आणि मग माझाच मला राग आला, की त्या बिचाऱ्याचा यात काय दोष.

आठवड्याच्या अखेरीस मला एका दुसऱ्या स्टुडिओत एक छोटं काम होतं, कुठल्याशा दवाखान्यातल्या सूचना वाचायच्या. ‘कृपया आपला क्रमांक येईपर्यंत बसून राहा,’ असल्या. घसा बसल्याची थाप कानसेनपुरती होती. तिथली रेकॉर्डिस्ट एक चटपटीत मुलगी होती, केस वर बांधलेले, पायात जाड मोजे. काम झालं, तिने अंगठा दाखवला. मी सवयीने हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, ‘मॅडम, झालं की. बरं वाटत नाहीये का?’ मी म्हटलं, ‘शांतता घ्यायची राहिली ना?’ ती हसली. ‘ती मी तुम्ही गेल्यावर घेईन. खोली रिकामी झाली की.’ मी विचारलं, ‘आत माणूस लागत नाही?’ तिला वाटलं मी गंमत करते आहे. ‘काही जण बसवतात. मला माणूस नकोच वाटतो, मॅडम. श्वास येतात, कपडे वाजतात, कुणाचं पोट बोलतं. आणि एकदा घेतली की त्या खोलीची शांतता पुस्तकभर पुरते.’ मी चपला घातल्या, तिचे आभार मानले, जिना उतरले. खाली रस्त्यावर फळवाला ओरडत होता, एक बाई कुत्र्याला रागावत होती, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य: पुस्तकभर पुरते. मग रोज कशाला? रोज चार-चार वेळा कशाला? तो कापत होता असं मला वाटत होतं. तो पिकवत होता. माझी लाज त्याने रोज संध्याकाळी मशागत करून काढली होती. ‘असू दे ताई, पुन्हा एकदा.’ मी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. सात दिवस तुंबलेलं पोट तेव्हा सुटलं. कळ आली ती इतकी जोरात की मी समोरच्या हॉटेलात शिरून गल्ल्यावरच्या माणसाला न विचारता सरळ आत गेले. एरवी मी निदान चहा तरी मागवते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. वाट पायाखालची होती: कोपऱ्यावरचं वाचनालय, तिथला संडास दुपारी बंद, मग पेट्रोल पंप, तिथला उघडा पण साबण नाही, मग स्टुडिओची इमारत. माझं सगळं गाव असं संडासांना धरून आखलेलं आहे, आणि त्यातलं सगळ्यांत बिनघोर ठिकाण या इमारतीत होतं. जिना चढताना भांडायची वाक्यं जुळवत होते. मी वाचणारी बाई, वाक्यं मला जमतात. पण दार उघडून त्याने ‘आलात ताई! बसा, किटली लावतो,’ म्हटलं, आणि माझी सगळी वाक्यं गळून पडली. मी उभ्यानेच म्हटलं, ‘अस्वलाचं पोट माझं आहे.’

तो चपापला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची मला कल्पनाच नव्हती. त्याला आनंद झाला. ‘ओळखलंत?’ तो म्हणाला. ‘कमाल आहे ताई तुमच्या कानाची! कुणी ओळखेल असं वाटलंच नव्हतं.’

‘तू केलंस ते.’

‘मी दिला आवाज. आवाजांचा संग्रह असतो आमचा, रेकॉर्डिस्ट लोकांचा. मी पावलांचे आवाज देतो, दारं देतो, भांडी देतो. पोटाचा आवाज कुणाकडे चांगला नाही हो. लोक फुगे घासतात, पाण्यात नळी घालून फुंकतात, ऐकवत नाही. तुमचा म्हणजे...’ त्याने योग्य शब्द शोधला. ‘तुमचा खरा आहे.’

‘मला विचारलं नाहीस.’

‘विचारलं असतं तर तुम्ही अवघडल्या असता,’ तो म्हणाला. ‘मग आला नसता आवाज.’ तो हे लपवाछपवी करून बोलत नव्हता. एखादा सुतार लाकूड असं का तासलं ते सांगेल तसं सांगत होता. केसाने गळा कापणाऱ्या माणसाच्या हातात निदान केस दिसतो. याच्या हातात तेव्हा माझ्यासाठी आणलेला गरम पाण्याचा कप होता. ‘आणि तुमचं नाव कुठेही नाही ताई. शपथेवर सांगतो. कुणालाच कळणार नाही ते कुणाचं.’

‘म्हणजे ती शांतता,’ मी म्हटलं, ‘रोजची?’

पहिल्यांदाच त्याचे डोळे खाली गेले. ‘शांतता लागायचीच,’ तो म्हणाला. ‘रोज नाही लागायची. पण लागायची.’ आणि मग घाईने, ‘पुसून टाकू का? तुम्ही म्हणाल तर आत्ता सगळं पुसतो. बाहेर गेलेलं माझ्या हातात नाही, पण माझ्याकडचं आत्ता, तुमच्यासमोर.’

मी म्हटलं, ‘आधी ऐकव.’

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. कदाचित मला बघायचं होतं की त्याच्याकडे मी किती आहे. त्याने मला काचेच्या पलीकडे नेलं, त्याच्या बाजूला, जिथे इतक्या वर्षांत मी कधी बसले नव्हते. तिथून माझी खुर्ची दिसत होती, वाचायचा स्टँड, मायक्रोफोन. खुर्ची फार लहान दिसत होती. त्याने मला हेडफोन दिले, आपल्या गळ्यात दुसरे घातले, आणि लावलं. आधी त्याचाच आवाज आला. प्रत्येक ध्वनीच्या आधी रेकॉर्डिस्ट तोंडी ओळख बोलून ठेवतात, शोधायला सोपं जावं म्हणून. हे मला माहीत होतं, पण त्याचा तो आवाज मला माहीत नव्हता. मऊपणा नाही, अदब नाही, दुकानात माल मोजणाऱ्या माणसाचा असतो तसा कोरडा आवाज. ‘पोट. बाई, मध्यमवयीन. उपाशी.’ मग माझं पोट. ‘पोट. बाई, मध्यमवयीन. जेवणानंतर.’ पुन्हा माझं पोट. ‘पोट. बाई, मध्यमवयीन. घाबरलेली.’ मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता. म्हणजे त्याला फरक कळत होता. नवऱ्याला कळला नाही, नळ्या घालणाऱ्या डॉक्टरांना कळला नाही, पण मी उपाशी कधी आणि घाबरलेली कधी, ते याने नुसत्या कानाने ओळखलं होतं. इतकं अचूक कुणी मला कधी ओळखलं नव्हतं, आणि हे अचूक ओळखणारा माणूस मला बाई, मध्यमवयीन म्हणत होता. समोर ताई, आणि मी दार ओढून गेल्यावर बाई, मध्यमवयीन. अस्वल मला एवढं लागलं नव्हतं. अस्वलाला मी माफही केलं असतं.

पुढे तो कोरडा आवाज म्हणाला, ‘पोट. बाई, मध्यमवयीन. खूप घाबरलेली. उत्तम.’ आणि ती पेटी आली, टीव्हीतली, पण टीव्हीत होती त्याहून लांब, अख्खी. घरघर, थांबणं, वर चढणारा सूर. आणि त्याच्यानंतर, अस्वलासाठी कापून टाकलेला भाग: माझ्याच गळ्यातून, जेमतेम श्वासाएवढं, ‘आई गं.’

आई गेली त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी इथे आले होते. घर माणसांनी भरलं होतं, सगळे माझ्या ताटात वाढत होते, खा म्हणत होते, खाल्ल्याशिवाय कसं चालेल म्हणत होते, आणि बाथरूमच्या दाराशी सतत कुणीतरी उभं असायचं. मी औषध आणायला म्हणून निघाले आणि इथे येऊन बसले. शेवटचे पंधरा दिवस दवाखान्यात आईच्या पलंगाजवळ मी फार कमी बसले होते, कारण त्या मजल्यावर संडास एकच होता आणि तो बहुतेकदा कुलपात. मी खालच्या मजल्यावर धावायची, आणि अशीच धावून परत आले तेव्हा आई गेलेली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कानसेनला सांगितलं, तिथे, त्या लहान दिसणाऱ्या खुर्चीत बसून. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘आज वाचू नका ताई. नुसत्या बसा. शांत बसा.’ दार लावून तो पलीकडे गेला, मी डोळे मिटले, आणि त्या बंद खोलीत माझं पोट आईसाठी जे काही ओरडायचं ते ओरडलं. त्याने थांबवलं नाही. मी डोळे उघडले तेव्हा तो हेडफोनवर दोन्ही हात दाबून, मान खाली घालून बसला होता. माझ्या दुःखात कुणी असं मान घालून बसलं होतं, एवढ्या आधारावर मी ते वर्ष काढलं. लाल दिवा लागलेला होता का ते मी पाहिलं नव्हतं. तिथे कुणी दिव्याकडे बघतं का?

हेडफोनमध्ये आता नुसती खोली होती. मी ते काढले नाहीत. मनाशी म्हटलं, मशीन त्याने चुकून लावलं असेल. सवयीने लावलं असेल, आणि मग बंद करायला हात धजला नसेल. माणसाच्या हातून होतं. आणि उत्तम हा शब्द त्याने आवाजाबद्दल वापरला, माझ्याबद्दल नाही. मला अजूनही त्याची वकिली करायची होती, कारण ही खोली गेली तर मला दुसरी नाही. मी ठरवलं: त्याला एवढं एक विचारायचं. त्याला तो दिवस आठवत असेल, तर बाकीचं सगळं मी पोटात घालेन, काचेपलीकडे जाऊन बसेन आणि शेवटचं प्रकरण आत्ता वाचून टाकेन.

‘हा दिवस आठवतो तुला?’ मी विचारलं.

‘कुठला, ताई?’

‘हाच. आत्ता लावलास तो.’

त्याने कपाळाला आठ्या घालून मनापासून आठवायचा प्रयत्न केला. मला ते दिसत होतं. मला मदत करावीशीही वाटली, ओठांपर्यंत शब्द आला होता. तेवढ्यात त्याचा चेहरा उजळला. ‘थांबा, असेल ना इथे,’ तो म्हणाला, आणि पुढे वाकून, डोळे बारीक करून, पडद्यावरच्या त्या ओळीच्या टोकाला लिहिलेली तारीख त्याने मला वाचून दाखवली. दिवस, महिना, वर्ष, सगळं.

‘बरोबर ना?’ त्याने विचारलं.

‘बरोबर,’ मी म्हटलं. हेडफोन काढून त्याच्या टेबलावर ठेवले, आणि दाराशी जाऊन पायात चपला घातल्या.